झिजलेली राजमुद्रा

चीन देशात एक राजघराणं बुडालं आणि सिंहासनावर नवा सम्राट बसला. पण राजमुद्रा कोरणाऱ्या म्हाताऱ्या शेनला जुना सम्राट काही विसरवेना. राज्यावर असताना तो रोज शेनच्या शेजारी बसून चहा प्यायचा.

नव्या सम्राटाने राजमुद्रेचा घासून कोरा केलेला हिरवा दगड हातात घेतला आणि तो कडाडला, "एवढासाच? दगड चोरलास तू! मुंडकं उडवीन!"

"चोरी नाही, महाराज," शेन म्हणाला. "'हे राज्य दहा हजार वर्षं नांदो' असं माझ्या आजोबांनी यावर कोरलं. ते घराणं बुडालं. वडिलांनी ते घासून पुढच्या घराण्यासाठी तेच पुन्हा कोरलं. काल आपल्या हुकमाने मी वडिलांची अक्षरं घासली. दर खेपेला दगड बोटभर झिजतो."

सम्राट वरमला, पण ऐट सुटेना. "मग माझी अक्षरं चांगली खोल कोर!"

"कोरतो की. फक्त पुढच्याला जास्त घासावं लागेल, महाराज."

सम्राटाने हातातला दगड उलटापालटा करून पाहिला. मग तो पुटपुटला, "बेतानेच कोर."

घरी येऊन शेनने दोन पेले चहा ओतला. एक स्वतःपुढे ठेवला, दुसरा काल अक्षरं घासताना निघालेल्या, जपून आणलेल्या चिमूटभर हिरव्या भुकटीपुढे.