पेवाचे तोंड

“मग घर फुटतं तरी कशानं, स्वामी?”

अडवय्यास्वामी कडुलिंबाखालच्या बाजेवर बसून माती उकरणाऱ्या मजुरांकडे पाहत होते.

विचारणारे चन्नाप्पा आवटी हळदीचे व्यापारी. वय चौऱ्याहत्तर. कृष्णाकाठी त्यांची सात पेवे होती. पेव म्हणजे जमिनीत तीन पुरुष खोल खणलेले कोठार. तोंडाशी अरुंद, पोटात रुंद. हळद भरावी, तोंडावर दगड ठेवावा, वर माती लिंपावी. आज त्यांतले एक उघडायचे होते.

तीन वर्षांपूर्वी चन्नाप्पांनी सारा व्यापार मुलांच्या हाती दिला होता. गावासमोर, हार घालून. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या वेळी पेढीवर जाऊन बसले, आणि अजून बसत होते.

“थोरला वेगळी चूल मागतोय,” ते म्हणाले. “गुरुपाद. सोमवारी निघतो म्हणाला. तो गेला की धाकटे दोघे पाठोपाठ जाणार. त्याला दीक्षा आपण दिलीय. आपला शब्द तो मोडायचा नाही. डोक्यावर हात ठेवून एकदा आज्ञा करा, घरातच राहा म्हणून.”

“भांडण झालं?”

“भांडण? चाळीस वर्षांत माझ्या घरात कुणाचा आवाज चढला नाही. जेवताना तर चकार शब्द नसतो. शिस्त आहे.”

“मग भाकरी हवी असली तर?”

“पंजा दाखवायचा. भात हवा असला तर मूठ.”

“आणि ताक?”

चन्नाप्पांनी आठवून पाहिले.

“ताकाचं... मला कधी मागावं लागलं नाही. पारव्वा आपणहून वाढते.”

स्वामींनी दाढीवरून हात फिरवला. दाढी थोडी हलत होती.

तेवढ्यात मजुरांनी पहार घालून दगड बाजूला केला. हळदीचा उग्र, उबट वास वर आला.

स्वामी उठले. कफनी खोचली, पेवाशी पडलेला दोर उचलला आणि म्हणाले, “सोड मला खाली. बघू तरी तुझी हळद.”

चन्नाप्पा धावले. एक वहाण वाटेतच राहिली. त्यांनी स्वामींना मागून कमरेला मिठी घातली.

“वेड लागलंय का तुम्हाला?”

मजूर थबकले. चन्नाप्पांनी हात सोडले, कानाच्या पाळ्या धरल्या.

“क्षमा असावी. पण आत उतरायचं नाही. वर्षभर बंद आहे ते. आतली हवा मेलेली असते. उतरलेला माणूस हाक मारायच्या आत पडतो.”

“आणि हळद?”

“हळदीला काय होतंय? एक किडा सापडायचा नाही. बंद ठेवलं म्हणून तर माल टिकतो.”

“आणि माणूस?”

“बंद पेवात माल टिकतो, स्वामी. माणूस टिकत नाही.”

हे वाक्य ते चाळीस वर्षे प्रत्येक नव्या मजुराला सांगत आले होते. आज ते सांगून झाल्यावर त्यांनी वळून घराच्या दिशेने पाहिले.

स्वामींनी दोर खाली ठेवला.

“आता काय करायचं?”

“काही नाही. वारा आत जाऊ द्यायचा. दिवसभर. तोंडाशी कुणी उभं राहायचं नाही.”

“मालकानं?”

“...मालकानंसुद्धा नाही.”

चन्नाप्पा चार पावले मागे सरले. वहाण शोधून पायात घातली. वर न पाहता त्यांनी विचारले, “मग गुरुपादला आज्ञा?”

“आज्ञा आहे. पण ती तुला. आज संध्याकाळी तू आणि मी बाहेर सोप्यात जेवायचं. बाकीची पंगत आत बसू दे.”

घरी पारव्वांनी हे ऐकले आणि पदर सावरत नवऱ्याकडे दोनदा पाहिले. मग दोन ताटे सोप्यात आणून ठेवली.

आत पंगत बसली. प्रथम नुसता ताटांचा आवाज होता.

मग कोणीतरी ताक मागितले. शब्दांनी.

“हळू,” दुसरा आवाज म्हणाला. “सोप्यात आहेत.”

“ताकच मागितलंय. वाटणी नाही मागितली.”

कोणी फिसकले. मग धाकटी सून बोलू लागली, तिला मध्येच मधला तोडू लागला, आणि थोड्याच वेळात कोण काय बोलते आहे तेही कळेना. त्या गोंगाटात एक खोकला उठला. उंबरठ्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी चन्नाप्पा जसे खोकत, हुबेहूब तसा. आत हशा पिकला. त्यात एक हसणे सर्वांच्या वर होते. ते पारव्वांचे आहे हे ओळखायला चन्नाप्पांना वेळ लागला.

त्यांचा घास हातात राहिला. ते अर्धवट उठले. स्वामींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“माझी नक्कल चाललीय.”

“कोण करतंय?”

“गुरुपाद.”

“जमतेय का?”

चन्नाप्पांनी कान दिला. आत पुन्हा खोकला झाला.

“...दुसरा ठसका जरा लांबवायला हवा,” ते म्हणाले. आणि त्यांनाच हसू फुटले. हसता हसता ठसका लागला, आणि खरा खोकला आला.

आत एकदम सामसूम झाली.

क्षणभराने गुरुपाद दारात आला. पन्नाशीचा माणूस, हातात अर्धी भाकरी, मान खाली.

“आप्पा... आत या की. पंगत उठली नाही अजून.”

“आणि सोमवार?”

गुरुपादने आत पाहिले, मग बापाकडे पाहिले.

“सोमवारचं सोमवारी बघू. भात निवतोय.”

तो आत गेला. चन्नाप्पांनी आपले ताट उचलले. दोन पावले गेले आणि वळले.

“जाऊ, स्वामी?”

“जा. पण दार वाजवून जा.”

“माझंच घर आहे. आणि दार तर उघडंच आहे.”

“म्हणूनच वाजव.”