पाच हजार चाळीस रोपे

फार जुनी गोष्ट आहे, तेव्हाच्या राजाचे नावही आता कुणाला आठवत नाही. एका उजाड टेकडीच्या पायथ्याशी एक गाव होते. टेकडीवर झाडे नव्हती, त्यामुळे पाणी मुरत नसे आणि गावचे झरे संक्रांतीलाच आटत. राजाने पावसाळ्यात पाच हजार चाळीस रोपे पाठवली आणि कळवले, “रांगा सारख्या करा, म्हणजे राखण वाटून घेताना कुणावर जास्त भार पडणार नाही.”

गावची कारभारीण होती सोनाक्का. तिने रोपांच्या मुळांना ओले गवत गुंडाळले, जुड्या सावलीत ठेवल्या आणि गाव गोळा केले.

पण रांगा किती करायच्या, तेच ठरेना.

गावचे गणिती आबाजीपंत म्हणाले, “त्रेसष्ट रांगा. रांगेत ऐंशी रोपे.”

म्हातारा शिपाई रंगोजी म्हणाला, “छे! सत्तर रांगा, बहात्तर-बहात्तरच्या. फौज उभी राहिल्यासारखी दिसेल.”

लिंबाजी विणकर म्हणाला, “चौऱ्याऐंशी करा, साठ-साठच्या. आखूड रांगेला पाणी घालणे सोपे.”

तिघांचाही हिशेब बरोबर होता, आणि तिथेच सगळे घोडे अडले. एखादा चुकला असता तर निदान गप्प तरी बसला असता!

“ही संख्या साधीसुधी नाही,” आबाजीपंत रंगात येऊन सांगू लागले. “एकपासून दहापर्यंत कशानेही भागा, बाकी शून्य! साठ भाजक आहेत हिला. सगळे पारखल्याशिवाय कसे ठरवायचे?”

“अहो पंत, भागतेय ना ती?” सोनाक्का कातावली. “मग भागा एकदाची आणि खड्डे खणा!”

“अशी घाई करून कसे चालेल, अक्का?”

रोज सभा भरे, रोज नवा भाजक निघे. पावसाने उघडीप दिली. सोनाक्का जुड्यांवर पाणी शिंपडून थकली. “रोपांना मुळे आहेत, कान नाहीत,” ती ओरडे. “तुमचा वाद ऐकून ती जगायची नाहीत!”

शेवटी भांडून भांडून दमल्यावर सत्तर रांगा ठरल्या. जुड्या सोडल्या, तर कितीतरी रोपे वाळून कोळ झालेली. आबाजीपंतांनी जिवंत रोपे मोजली आणि कपाळावर हात मारला. “दोन हजार नऊशे नव्व्याण्णव! ही तर मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, याखेरीज हिला काहीच भागत नाही. आता सारख्या रांगा कशा करायच्या?”

“नका करू!” सोनाक्काने एक जुडी उचलली, टेकडी चढली आणि माती मऊ लागली तिथे खणायला बसली. तिच्यामागे बायका गेल्या, मग पुरुषही गेले. सूर्य मावळायच्या आत रोपे लागली, वेडीवाकडी, पण लागली.

ती झाडे टेकडीच्या एकाच, वरच्या आळीकडच्या अंगाला पुरेशी झाली. पुढे वरच्या आळीचा झरा उन्हाळाभर वाहू लागला. खालच्या आळीचा मात्र पूर्वीसारखाच आटत राहिला, आणि तिथल्या बायका हंडे घेऊन चढण चढत राहिल्या. त्यांत रंगोजीची सूनही होती. ती भरले हंडे घेऊन घरात शिरली की म्हातारा तोंड भिंतीकडे फिरवी.

तात्पर्य : अनेक मार्ग बरोबर असतील, तेव्हा त्यांतला एक वेळेवर निवडणे हेच शहाणपण.