दुग्धभूषणाचं मानपत्र

“चोर माझ्यासमोर उभा कर, नाहीतर उद्यापासून घरी बस!” दूध संघाचे अध्यक्ष दादासाहेब वाठारकर कडाडले.

संघाच्या सगळ्या कॉम्प्युटरांवर लाल पडदा झळकत होता : ‘फायली हव्या असतील तर खंडणी द्या!’ गावोगावच्या दुधाच्या नोंदी आत कुलूपबंद. कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली हंगामी कारकून सुगंधा गावडेकडे, म्हणून सगळा आळ तिच्यावर.

“साहेब, हा व्हायरस आहे. पाठवणारा परदेशात बसला असेल. त्याला कुठून आणू?”

“ते मला माहीत नाही! उद्या बैठकीत चोर पाहिजे!”

सुगंधाला रडू आलं; पण तिने ते गिळलं आणि एकेकाला विचारत सुटली, “कॉम्प्युटरवर आलेलं अनोळखी पत्र उघडलंत का?” सगळ्यांनी कानावर हात ठेवले. शेवटी ती दादासाहेबांकडेच गेली.

“आपण, साहेब?”

“मी? अगं, मी कॉम्प्युटर लावतो तो फक्त आलेली पत्रं उघडायला!”

सुगंधा गालातल्या गालात हसली आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. दादासाहेब गरजले, “कुठंय चोर?”

“येतोय, साहेब. जरा दम धरा.”

एवढ्यात दादासाहेबांचा मोबाईल टुणकन वाजला. त्यांनी चष्मा चढवला आणि त्यांची कळी खुलली. “ऐका! ‘अखिल भारतीय दुग्धभूषण पुरस्कारासाठी आपली एकमताने निवड! मानपत्र पाहण्यासाठी येथे दाबा!’”

कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी दाबलंसुद्धा!

“हात्तिच्या! आत तर काहीच नाही! परवा संध्याकाळी कॉम्प्युटरवर असंच एक आलं होतं. ‘समाजरत्न’ म्हणून! तेही मेलं रिकामंच निघालं!”

“परवा संध्याकाळी?” सुगंधाने विचारलं. “आणि काल सकाळी कॉम्प्युटर बंद!”

सगळ्यांच्या माना दादासाहेबांकडे वळल्या.

“साहेब, आजचं पत्र मी धाडलं. ते खरंच रिकामं आहे. परवाच्या पत्रात मात्र तो व्हायरस होता. आपण दाबलंत आणि तो बाहेर पडून सगळ्या कॉम्प्युटरांत शिरला!”

दादासाहेबांच्या मिशा थरथरल्या. “म्हणजे… चोर मी?”

“छे, छे! चोर तिकडे परदेशात. आपण फक्त दार उघडून त्याला ‘या, बसा’ म्हणालात!”

मग दादासाहेबच असे खदखदून हसले की टेबलावरच्या कपबशा वाजल्या!

“पोरी, भर बैठकीत माझ्याच तोंडून चोर पकडलास! आजपासून तुझी नोकरी कायम. आणि माझं प्रत्येक पत्र आधी तू बघायचं!” मग तिच्याकडे वाकून त्यांनी हळूच विचारलं, “पण काय गं, तो दुग्धभूषण… खरंच कुणी देत नाही का?”

“देतात की, साहेब! पण खरे पुरस्कारवाले ‘येथे दाबा’ म्हणत नाहीत. ते आधी वर्गणी मागतात!”