मोगऱ्याची माळ आणि सासूचा पाट

एका गावात एक माळीण होती, सगुणा तिचं नाव. देवीच्या जत्रेला मोगऱ्याची माळ करायचा मान पिढ्यान्‌पिढ्या तिच्याच घराकडे होता. पण गावाची रीत मोठी कडक. संध्याकाळची आरती संपेपर्यंत माळेतलं एकही फूल खाली पडता कामा नये. पडलं, की मान दुसऱ्या घरी. गेल्या साली सगुणाच्या भरगच्च माळेतून दोन फुलं गळाली होती. तिच्या वयाकडे बघून गावानं ते पोटात घातलं. यंदा मात्र खैर नव्हती.

त्यात सगुणाची बोटं आता वळेनाशी झाली होती. माळ सुनेनं करायची ठरली. आता ही सासू कशी, तर सून भाकरी थापायला बसली की स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसणारी. मीठ किती, तेल किती, सगळ्यावर हिची नजर. मी नसते तर या घराचं काय झालं असतं, हे उठता-बसता तोंडात.

सून खरी गुणाची. जत्रेच्या दुपारी तिनं टपोऱ्या कळ्या खुडल्या, केळीच्या सोपाचा ओला दोरा घेतला आणि गाठी मारू लागली. पण दर दोन कळ्यांमध्ये ती जवभर जागा सोडी. शेजारणींनी नाकं मुरडली. ही माळ म्हणायची की म्हातारीचे दात, असं म्हणून त्या हसल्या. सगुणाला ते फार झोंबलं. कळ्या दाटून भर म्हणून ती सुनेच्या मागेच लागली.

सुनेचा हात काही थांबला नाही.

"आत्याबाई, संध्याकाळी कळी हातपाय पसरते," ती म्हणाली. "तिला जागा नसली की ती शेजारच्या कळीला ढकलते. गेल्या साली तेच झालं."

इतकी वर्षं माळा करून हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही, याचंच सगुणाला नवल वाटलं.

माळ देवीच्या गळ्यात पडली. दिवेलागणीला आरती सुरू झाली आणि कळ्या उमलू लागल्या. मघाच्या फटी बघता बघता भरून गेल्या. सगुणाचं लक्ष आरतीत कुठलं, ती आपली जमिनीकडे बघत होती. आरती संपली तरी देवीच्या पायाशी एक पाकळीसुद्धा पडली नव्हती. काय देखणी माळ होती ती! नाकं मुरडणाऱ्या शेजारणी आता टाचा उंचावून बघत होत्या. आणि कधी कुणाचं कौतुक न केलेली सगुणा ज्याला त्याला सांगत सुटली, की ही माझ्या सुनेच्या हातची माळ आहे.

दुसऱ्या दिवशी सून चुलीपुढे बसली आणि सवयीनं तिनं दाराकडे पाहिलं. पाट तिथे नव्हता. सगुणानं तो अंगणात, मोगऱ्यापाशी नेऊन टाकला होता. आमटीत मीठ किती घालू, असं सुनेनं आतूनच विचारलं.

"तुला कळतं तेवढं घाल," बाहेरून उत्तर आलं.

तात्पर्य: जो फुलावा असं आपल्याला वाटतं, त्याच्यासाठी आधी आपण थोडं सरकून बसावं.