आसातले दोन शेजारी

घाटातून मोटारगाड्या नुकत्याच धावू लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. दगड वाहणाऱ्या एका गाडीच्या चाकांचा आस पोलादाचा होता. त्यात कठीण आणि मऊ कण शेजारी शेजारी राहत. ओझं आलं की मऊ कण ताणले जात, कठीण कण ताठ राहून भार पेलत.

एकदा एक मऊ कण शेजाऱ्याला म्हणाला, "दादा, प्रत्येक खड्ड्यात मीच ताणला जातो. आता आपल्या दोघांच्या मधे फाटायला लागलंय. तूही थोडा वाक ना."

"मला वाकताच येत नाही रे," कठीण कण म्हणाला. "घडताना मी असाच घडलो."

भेग रोज थोडी वाढत गेली. मऊ कणाने खूप हाका मारल्या, पण पोलादाबाहेर त्या कुणालाच ऐकू गेल्या नाहीत. ड्रायव्हर हैबतीने आसावरून हात फिरवला. "नव्यासारखा आहे," तो बायकोला म्हणाला आणि माहेरी सोडायला तिला शेजारी बसवून निघाला.

उतारावर आस तुटला. गाडी दोघांना घेऊन दरीत गेली. तुटलेला अर्धा आस रस्त्यावरच राहिला, आणि त्यात तो कठीण कण होता; मऊ कण दुसऱ्या अर्ध्यातून गाडीबरोबर खाली गेला होता.

"लागलं का रे तुला?" कठीण कणाने दरीत हाक मारून विचारलं.

दरीतून कुणीच बोललं नाही.