कुंपणापलीकडचा मोगरा

कोष्ट्यांच्या एका घरात दोन जावा होत्या. थोरलीचं नाव अनुसया, धाकटीचं मैना. भावांनी घर वाटून घेतलं, तेव्हा अंगणातही कोरांटीचं कुंपण पडलं. आधी निवड कुणी करायची, हा प्रश्नच नव्हता. अनुसया थोरली होती. तिने आंब्याखालची गार बाजू घेतली, कारण तिथे दुपारी बसायला बरं वाटे. दिवसभर तापणारी उघडी बाजू मैनेच्या वाट्याला आली.

अनुसयेच्या बाजूला सासूने लावलेलं मोगऱ्याचं झुडूप होतं. चैत्रातल्या जत्रेत गावदेवीला पहिला हार याच मोगऱ्याचा जाई. हार घालताना गुरव ज्या घरची फुलं त्या घरच्या बाईचं नाव मोठ्याने घेई. सासू गेली आणि ते नाव अनुसयेचं झालं. सगळ्या गावासमोर घेतलेल्या त्या नावावर ती वर्षभर ताठ मानेने चाले.

झुडपाची काळजी म्हणजे सासूने सांगितलं तेवढीच: रोज पाणी घालायचं आणि देवाच्या झाडाला लोखंड लावायचं नाही. का लावायचं नाही, हे अनुसयेने कधी विचारलं नाही. सासूनेही तिच्या सासूला विचारलं नसावं. आंब्याच्या सावलीत झुडूप उंच आणि लाकडी होत गेलं. पानं भरपूर, फुलं मात्र शेंड्याला मोजकी.

मैनेने आधी अंगण नीट पाहिलं. ऊन कुठे पडतं, पाणी कुठे साचतं, हे पाहिलं आणि उन्हातल्या कोपऱ्यात मोगऱ्याची फांदी लावली. फांदी तिने थोरलीकडेच मागितली होती. "ने की. जगलं तर जगलं," अनुसया हसून म्हणाली होती.

ते जगलं. नुसतं जगलं नाही, बहरलं. एका चैत्रात गुरव परडी घेऊन आला, तर थोरलीकडे ती निम्मीही भरेना. उरलेली मैनेकडे भरली. निघताना गुरव म्हणाला, "यंदा तुमचंच नाव घेतो, अनुसयाबाई. पण पुढच्या वर्षी परडी तिकडेच भरली, तर तिचं घ्यावं लागेल. देवीपुढे खोटं कसं बोलू?"

त्या दिवसापासून मैनेचं झुडूप अनुसयेच्या डोळ्यांत सलू लागलं. सकाळी दात घासताना तिची नजर कुंपणापलीकडे जाई. संध्याकाळी वारा तिकडून सुटला की ती खिडकी लावून घेई. वास तरीही येई. बायका मैनेकडे फुलं मागायला येत, तेव्हा ती आतून ऐके आणि नवऱ्यावर चिडे. आपली फांदी, आपलं झुडूप, आणि कौतुक तिचं. मैना काय करते, हे तिने कधी विचारलं नाही. कालच्या पोरीला थोरलीने विचारायचं म्हणजे काय?

पौषात मैना संक्रांतीला माहेरी गेली. अनुसयेने भरदुपारी कोयती घेतली आणि ती कुंपण ओलांडून गेली. देवाच्या झाडाला लोखंड लावायचं नाही, हा नियम तिला आठवला. तो आपल्या झाडासाठी आहे, अशी तिने स्वतःची समजूत घातली. तिने फांद्यांवर सपासप घाव घातले. जमिनीलगतच कापायचं होतं, पण खाली लाकूड जाड लागलं, हात भरून आला, म्हणून ती गुडघ्याएवढे खुंट ठेवून परतली. त्या रात्री तिला फार छान झोप लागली.

मैना परत आली. तिने खुंट पाहिले. मग माती उकरली आणि शेणखत घातलं. अनुसया रोज खुंट वाळायची वाट पाहत होती. फाल्गुनात त्यांना पोपटी धुमारे फुटले. चैत्र लागला तसं प्रत्येक धुमाऱ्याच्या टोकाला कळ्यांचा झुबका धरला. पूर्वी कधी आल्या नव्हत्या इतक्या कळ्या होत्या.

अनुसयेचा संताप झाला. म्हणजे खरी गोम लोखंडातच होती आणि मैनेने ती आपल्यापासून लपवली, असं तिने ठरवून टाकलं. जत्रा तोंडावर आली होती. तिच्या झुडपावरही थोड्या कळ्या होत्या. त्या देवीला वाहिल्या असत्या, तरी तिला रित्या हाताने जावं लागलं नसतं. पण तिला थोड्या नको होत्या, मैनेपेक्षा जास्त हव्या होत्या. तिने कोयती घेतली आणि आपलं झुडूप गुडघ्याएवढं छाटलं. शेंड्यांबरोबर होत्या तेवढ्या कळ्याही मातीत गेल्या.

जत्रेच्या सकाळी तिच्या अंगणात नुसते खुंट होते. तशीच ती तणतणत कुंपणाशी गेली.

"काय केलंस तू माझ्या झाडाला? तुझंही इतकंच कापलं होतं, ते कसं फुललं?"

मैना परडीत फुलं वेचत होती. तिने मान वर केली.

"माझं कुणी कापलं होतं, जाऊबाई?"

अनुसयेची नजर आपल्या अंगणातल्या खुंटांकडे वळली.

"मोगरा थंडीत छाटायचा असतो," मैना म्हणाली. "माहेराहून आले की मी तेच करणार होते. तुमच्या रागाने माझं एक काम वाचवलं. चैत्रात छाटलं तर कळ्याच जातात. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मग ती जरा सरकली आणि पायरीवर जागा करून दिली. "फांदी तुमचीच होती. बसा, हार दोघी मिळून ओवू. गुरवाला मी दोघींची नावं घ्यायला सांगते."

सुई-दोरा समोर होता. एक पाऊल टाकलं की झालं असतं. अनुसयेने त्या पायरीकडे पाहिलं, मग मैनेच्या भरलेल्या परडीकडे पाहिलं.

"थोरलीने धाकटीच्या दारात बसून हार ओवायचा?" ती म्हणाली आणि घरात निघून गेली.

त्या जत्रेत गुरवाने एकट्या मैनेचं नाव घेतलं. अनुसया देवळात गेलीच नाही.

पुन्हा पौष आला. कुंपणापलीकडे मैनेची कोयती चालू लागली. अनुसया दाराच्या फटीला कान लावून उभी होती. कुठली फांदी ठेवायची, कुठली काढायची, खत आधी की पाणी आधी, एवढंच तिला हवं होतं. नुसत्या आवाजावरून ते कळत नव्हतं. हाक मारली असती तर मैनेने ओ दिली असती. अनुसया कोयती थांबेपर्यंत तशीच उभी राहिली, आणि मग तिने दार लावून घेतलं.

तात्पर्य: दुसऱ्याचं बहरलेलं पाहून जळण्यापेक्षा ते कसं बहरलं, हे विचारावं. सांगणारं माणूस वयाने लहान आहे म्हणून जो विचारत नाही, तो नुसता वयाने वाढतो, शहाणा होत नाही.