बकुळाचा हात

फुलांची एक वाडी होती नि त्या वाडीत राहायची चिमुकली बकुळा. आई गजरे करायची, लेक फुलं वेचायची. घरात मीठ असलं तर पीठ नसायचं. पण बकुळाचं दुःख निराळंच होतं हो! तिच्या इवल्याशा हातांवर कोपरापासून बोटांपर्यंत लालबुंद, खरखरीत चट्टे होते. त्याला एक्झिमा म्हणतात. खाज सुटली की जीव नकोसा व्हायचा. आई बिचारी मळानं होतं असं समजून कढत पाण्यानं, घोसाळ्याच्या घासणीनं खसाखसा घासायची. दवाखान्यातलं मलम चट्टे जरा फिके पडले की फडताळात जाऊन बसायचं.

हस्त लागला, भोंडला सुरू झाला. पाटावर हत्ती काढला, पोरींनी हातात हात घालून फेर धरला. बकुळानंही हात पुढे केला, तशी शेजारची गोदा मागे सरली.

“नको गं बाई! तुझं मला लागेल. आमच्या तान्ह्या गुंडूच्या गालांवर आलंय ना, ते तुझ्यामुळंच, असं आई म्हणते.”

काय म्हणावं या शहाण्यांना! एक्झिमा कधी हात धरून लागतो का? पण सांगणार कोण? बकुळा कुंपणाशी बसून गाणी ऐकत राहिली. कुणीतरी एकदा, एकदाच माझा हात धरावा, असं तिला फार फार वाटलं.

तरी दुसऱ्या सकाळी ती हत्तीच्या हारासाठी फुलं वेचायला हजर! हत्तीवर कसला राग? तोच केशरी झेंडूत काहीतरी लुकलुकलं. बोटभर उंचीची परी! गुलाबी-सोनेरी पंखुले, जांभळा झगुला.

“बकुळे, एक इच्छा माग,” परी म्हणाली. “पण नियम ऐक. एकच मागायची. आणि मागून होईपर्यंत खाजवायचं नाही. खाजवलंस की मी गेले!”

झालं! नेमकी तेव्हाच खाज उसळली. बकुळानं मुठी आवळल्या. गोरेगोमटे हात डोळ्यांपुढे नाचू लागले, शब्द अगदी ओठांवर आला. इतक्यात पलीकडून गुंडूचं रडणं ऐकू आलं.

“गुंडूची खाज थांबव,” ती घाईघाईनं म्हणाली नि डोळे भरून आले.

“आणि तुझे हात गं?”

“मला निदान सांगता येतं. त्याला बोलताही येत नाही.”

परीनं अलगद तिचं बोट धरलं. कितीतरी दिवसांत कुणी धरलं नव्हतं!

“माझी जादू तीन दिवसांची,” ती म्हणाली. “पुढं सांभाळायची रीत ऐक. कोमट पाणी, झटपट आंघोळ. घासायचं नाही, टिपायचं. अंग ओलसर आहे तोवर दवाखान्यातलं साधं मऊ मलम लावायचं, बरं वाटलं तरी रोज. औषधाचं मलम मात्र डॉक्टर सांगतील तसंच. नखं बारीक, कपडे सुती. एक्झिमा पुन्हा डोकावेल, पण घाबरायचं नाही. गुंडूच्या आईलाही सांग. तुझा हात कुणी धरीपर्यंत मी इथंच आहे.”

बकुळा तशीच गोदाच्या दारात गेली.

“आलीस का पुन्हा?” गोदाची आई कडाडली. पण मांडीवर गुंडू शांत झोपला होता, कितीतरी दिवसांनी! माउली नरमली. “बस बाळ. काय म्हणतेस?”

बकुळानं तिला नि घरी आईलाही सारी रीत सांगितली. त्या दिवसापासून दोन्ही घरांत घासण्या सुटल्या, मलमं फडताळातून बाहेर आली. दवाखान्यातल्या ताईंनीही गोदाच्या आईला बजावलं, “अहो, हे लागट नाही.”

भोंडल्याचा शेवटचा दिवस आला. बकुळाचे चट्टे फिके पडले होते, गेले नव्हते. ती लांबच उभी होती. फेर थांबला. गोदा तरातरा आली.

“बकुळे, चुकलं गं माझं. चल ना!”

“अगं, अजून थोडं आहे हातावर.”

“असू दे!” म्हणत गोदानं तिचा हात घट्ट धरला.

झेंडूच्या वाफ्यातून सोनेरी उजेड उसळला, अंगणभर झगमगला नि परी त्यात विरून गेली. पण बकुळाला तिकडं बघायला सवड कुठं होती? एका हातात गोदा, दुसऱ्या हातात आणखी कुणीतरी, आणि ती गरगर फिरत मोठमोठ्यानं गात होती.